धुऱ्यावरच्या डब्या

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी आदिलाबादच्या बाजारात वांगी निवडत होते. वांगी तशीच टाकून धावले, तरी उशीर व्हायचा तो झालाच होता... आता काही आठवड्यांनी हे लिहायला बसले तर रडू यायला हवं, पण मला हसू येतंय आणि अभिमानानं ऊर भरून येतोय. माझी मैत्रीण जिंकली. निकाल तेवढा तिच्यामागून लागला.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात. मी मराठी शिकवायचे, ती प्राणिशास्त्र. वाघा-मोरांना जीव लावणारे पुष्कळ. ही बाई मातीतल्या, खसखशीहून बारीक कोळ्यांवर भाळली. म्हणजे जाळं विणणारा कोळी नव्हे, त्याचे आठ पायांचे दूरचे नातलग. कुजका पाला आणि बुरशी खाऊन मातीला कस देणारे. त्यातला एक प्रकार धक्का लागताच पाय आत घेऊन अंगाचं झाकणच लावून घेतो. पिलं पांढरी, मऊ; मोठी झाली की तपकिरी, टणक. त्यामुळे अशा जिवांत शास्त्रज्ञांनी कधीकधी पिलांना एक जात आणि आईबापांना दुसरी समजलं. "एकाच घराची दोन रेशनकार्डं काढली गं यायनं!" असं सुमन म्हणायची.

गुडीहत्नूरजवळ सखारामदादांच्या कापसाच्या वावराला रुंद धुरा, म्हणजे बांध होता, सागा-पळसाच्या पाचोळ्यानं भरलेला. तिचे हे जीव तिथे भरपूर. उन्हाळ्यात सगळे धुरे पेटवतात, म्हणून तिनं दादांना विनवलं, "दादा, हा जाळू नोका, इथल्या मातीत कोळी हायेत." दादांनी मान डोलावली. पुढल्या खेपेला गेलो तर धुऱ्यावर औषधाचा उग्र वास.

"दादा, हे काऊन फवारलं?"

दादा खुशीत होते. "बाई, तुमीच म्हनल्या ना, कोळी हायेत! कापसावरच्या लाल कोळ्यानं किती रडवलं आमाले. सोडतो का मी त्यायले? वावराच्या आधी तुमचा धुरा फवारला."

सुमन अशी हसत सुटली की दादा घाबरले. घरी आल्यावर मात्र जेवली नाही. हे जीव उडत नाहीत, सावकाश वाढतात. एकदा गेले की परत येतील याची खात्री नाही. "चूक दादाची न्हाई, माह्या शब्दाची हाय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी भिंग आणि आधीच्या खेपेचे घरी बाटलीत उरलेले थोडे जीव घेऊन ती पुन्हा गेली आणि 'कोळी' हा शब्दच टाकून दिला. "ह्या डब्या हायेत दादा. पाहा, कसं झाकण लावून घेतात!" दादा वरमले. हा धुरा कधी जाळणार नाही, फवारणार नाही, असा शब्द दिला.

त्यानंतर दरसाल सुमन तिथली माती आणायची, नरसाळ्यात जाळीवर पसरायची, वर बल्ब लावायची. उष्णता टाळत जीव खाली बाटलीत उतरतात. बाकी सगळे उतरायचे, डब्या नाही. गावातले लोक दादांना हसायचे, बाईच्या नादानं धुऱ्याचं रान केलं म्हणायचे. सुमन म्हणायची, "येतीन. माह्यासारख्याच हट्टी हायेत त्या."

तिच्या पुण्यानुमोदनाला लोक फुलं घेऊन आले. सखारामदादा आले ते रुमालात माती बांधून. "औंदाची माती बाईनं नेलीच न्हाई," एवढंच बोलले. मी नरसाळं लावलं. दादा मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाटलीतला ओला कागद भिंगाखाली धरला, तर त्यावर एक तपकिरी ठिपका. कुंचल्याचा केस लावला... पाय आत, झाकण बंद! आणि शेजारी पांढरी, मऊ पिलं!

मी ओरडलेच. दादा कितीतरी वेळ भिंगातून पाहत राहिले, डोळे पुसले आणि बायकोला फोन लावला.

"गंगे, आल्या वं! डब्या आल्या, लेकरायसंगट आल्या! आता धुऱ्याकडं कोनी काडी घेऊन आलं तं म्हनाव, घरात बाळंतीण हाये!"