तिला कोणाच्या हाती दिले नाही

आमच्या संस्थेच्या स्मरणिकेत त्या मुलीविषयी पानभर मजकूर आहे आणि त्यातले एकही विधान मला मान्य नाही. चांगले स्थळ व्यवस्थापकांच्या हट्टामुळे गेले, पुढे मुलगी पळून गेली आणि कृतघ्नपणे संस्थेकडे कधी फिरकली नाही, असे तेथे छापले आहे. लिहिणारे गृहस्थ त्या काळी संस्थेचे चिटणीस होते. त्यांची स्मरणशक्ती दांडगी आहे असे लोक म्हणतात. तिच्यात भर घालण्याची शक्ती त्याहून दांडगी आहे, असे माझे मत आहे. तो हट्टी व्यवस्थापक मीच, म्हणून लिहिणे भाग आहे.

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. विकल्या गेलेल्या आणि पोलिसांनी सोडवून आणलेल्या बायकांसाठी नगरात आमचे एक घर होते. कोर्ट मुदत ठरवून देई. ती संपली की बाई मोकळी. संस्थेची मात्र स्वतःची एक रीत होती. बाई फाटकाबाहेर पडायची ती बापाच्या, भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या हाती सोपवूनच. कायद्यात याला कसलाही आधार नव्हता. माझी पत्नी तिथे गृहमाता होती, तोवर ती ही रीत सौम्यपणे वाकवीत असे. ती आदल्या वर्षी वारली आणि फाटकाजवळच्या दोन खोल्यांत मी एकटा उरलो.

ही मुलगी पाथर्डीच्या बाजूची, विशीतली. विहिरी आटल्यावर नात्यातल्याच एका बाईने तिला खानावळीत पोळ्या लाटायचे काम आहे म्हणून मुंबईला नेले आणि विकले. आमच्याकडे आल्यावर आम्ही भावाला बोलावले. तो आला. त्या कोरड्या वर्षातही त्याने बहिणीसाठी नवे लुगडे आणले होते. ते माझ्या हाती देऊन, घरात लग्नाच्या पोरी आहेत एवढेच सांगून, तिला न भेटता तो परत गेला. मग उरला नवरा.

चिटणीसांनी राहात्याचा एक बिजवर आणला. बाजारात गुळाची आडत, माणूस निर्व्यसनी, स्वभावाने गरीब. त्याच्याविरुद्ध माझे काहीही म्हणणे नव्हते, आजही नाही. कार्यालयात सतरंजी अंथरली गेली, पोहे झाले. वराबरोबर त्याचा चुलता होता. त्याने नाव विचारले, भाकरी येते का विचारले आणि मग, साऱ्या महाराष्ट्रात विचारतात तसे, सहज म्हणाला, "पोरी, जरा चालून दाखव."

ती उठली. दाराकडे पाठ करून उभी राहिली.

"तिथंबी असंच चालाय लावलं हुतं," ती म्हणाली. "म्होरं बसल्याली मान्सं असंच बघत हुती. तवा चालले. आता न्हाई चालायची."

चुलता भला माणूस. त्याने हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. "मग बस की बाई. बसून बी परपंच हुतो." कोणी हसले नाही. वराने टोपी सारखी केली आणि मला हलकेच म्हणाला, "राहू द्या साहेब. तिला आनखी तरास नको." स्मरणिकेत त्याच्या तोंडी जे अपमानाचे शब्द घातले आहेत, ते त्याने उच्चारलेले नाहीत.

आता माझ्या हट्टाविषयी. मी तिला पढवले, असा आरोप आहे. त्या बैठकीत मी अवाक्षरही काढले नव्हते. मी भांडखोर आहे हे जगजाहीर आहे. भांडलो ते नंतर, तिच्याशी बोलून झाल्यावर. मी तिला विचारले, तुला काय हवे?

"मला कुनाच्या हाती देऊ नका, सायेब," ती म्हणाली. "फाटकाभाईर सोडा. खडी फोडीन."

शेवगावच्या बाजूला रस्त्याचे दुष्काळी काम चालू होते आणि तिथला ओव्हरसिअर माझ्या ओळखीचा होता. तिथे तिला ओळखणारे कोणी नव्हते. त्याने तिला कामावर घेण्याचे कबूल केले. संस्थेच्या मंडळाच्या सभेत चिटणीसांनी विचारले, उद्या ती परत मुंबईला गेली तर? मी म्हणालो, "गेली तर स्वतःच्या पायांनी जाईल. तेवढा हक्क तुम्हाआम्हाला आहे, तिलाही आहे." ठराव माझ्याविरुद्ध गेला. मुदत संपली त्या सकाळी मी फाटक उघडले.

ती पळाली नाही. भावाने दिलेले लुगडे नेसून, बोचके काखेत मारून, दिवसाउजेडी एस.टी. स्टँडच्या रस्त्याने गेली. मी बरोबर गेलो नाही. मुद्दामच गेलो नाही. मी गेलो असतो तर माझ्याच हाती दिल्यासारखे झाले असते. तरीही विधुर व्यवस्थापकाने तरुण बाईला सोडले कशासाठी, याची चविष्ट चर्चा गावात पुरेशी झाली. महिन्याअखेर माझे पद गेले आणि त्याबरोबर त्या दोन खोल्याही. माळीवाड्यात एक खोली घेतली. तिथे मला भेटायला येणारे कोणी नव्हते.

राहिला कृतघ्नपणा. उन्हाळ्यात मी शेवगावच्या त्या रस्त्याच्या कामावर गेलो. ओव्हरसिअरला एवढेच विचारायचे होते, की ती आहे की गेली. मजुरांना सुकडी, म्हणजे गूळ-पिठाचा तो सरकारी खाऊ, वाटण्याची वेळ होती आणि पातेल्यापाशी तीच उभी होती. हात खडीने सोललेले, पदर खोचलेला. रांगेतल्या बायका तिच्याशी घरच्यासारख्या भांडत होत्या. एकीने तिला "चिकट मेली" म्हटले आणि तिने तिला मूठभर वाढून गप्प केले.

तिने मला पाहिले. ओळखलेही, डोळे क्षणभर थांबले.

"पाव्हणं, हात पुढं करा," ती म्हणाली.

मी ओंजळ धरली. मागची बाई विचारीत होती, वळखीचं हायेत का गं? "न्हाई," ती म्हणाली, "वाटसरू हायेत. ऊन लई हाय, खाऊ दे."

तिने ओळख दाखवली असती, तर मी कोण, ती कुठून आली, हे सांगावे लागले असते. बांधाच्या आडोशाला बसून मी ती गरम सुकडी खाल्ली. ओव्हरसिअरची राहुटी समोरच होती, पण त्याला विचारण्यासारखे आता काही राहिले नव्हते. शेवगावची गाडी यायला अवकाश होता. मी एकटाच रस्त्याला लागलो.