जाळ्यात गेलेला श्रावण

सुप्याच्या एका कारखान्यात मी टूलरूमला आहे. त्याआधी काही वर्षं मुंबईला होतो. तिथे शिडाच्या होड्या चालवायला शिकलो आणि तो नाद काही सुटला नाही. तीन वर्षांपूर्वी एकट्याने चालवायची एक जुनी होडी टेम्पोत घालून इकडे आणली. या होडीच्या खाली, पाण्यात, दोन छोटे पंख असतात. एक मधल्या उभ्या फळीच्या टोकाला, दुसरा सुकाणूच्या. वेग आला की हे पंख होडीला उचलतात आणि अख्खी होडी पाण्यापासून हातभर वर उठून पळते. निदान पळायला हवी.

थोरल्या बहिणीच्या गावाला लहानसा तलाव आहे, म्हणून होडी तिच्या कांदाचाळीत ठेवली. तिने होडीभोवती एक चक्कर मारली.

"आरं, ही होडी हाय का होडीचा सांगाडा?"

"अक्का, ही उडते."

"व्हय का? मंग पान्यात कशाला घालायची?"

पहिली दोन वर्षं ती उडालीच नाही. आमच्याकडे वारा सुटतो वैशाख-ज्येष्ठात. डोंगरावरच्या पवनचक्क्या गरागरा फिरत असतात आणि तलावात पाणी गुडघाभर. पंख चांगले कंबरेइतके खाली जातात. चार वेळा मी गाळात रुतलो. एकदा तर अक्काने बैल आणू का म्हणून काठावरून विचारलं, आणि ती थट्टा करत नव्हती. दिवाळीला तलाव भरलेला, तर वाऱ्याचा पत्ता नाही. दर सुट्टीला मोटारसायकलवरून जायचं, होडी जोडायची, शीड चढवायचं, मग सगळं उतरवून परत यायचं. बायकोने विचारणंही सोडून दिलं.

गेल्या वर्षी मात्र मे महिन्यातच धो धो पाऊस झाला. आषाढ संपता संपता तलाव निम्म्याच्या वर भरला आणि वारा तर होताच. एका सुट्टीच्या सकाळी मी काठापासून निघालो, शीड ओढून धरलं, तोल सावरायला अंग होडीबाहेर टाकलं. होडीखालचा खळखळाट एकदम बंद झाला. खाली पाहिलं तर पाणी हातभर खाली होतं. मी ओरडलोसुद्धा.

आणि तेवढ्यात कुणीतरी मागून पकडल्यासारखी होडी थांबली. मी शिडाच्या बाजूने पुढे पाण्यात फेकला गेलो. वर आलो तर पायाला दोऱ्या, हाताला दोऱ्या, पंखांना तर पुरता विळखा.

"साहेब, हात-पाय मारू नका! आनखी गुतताल!"

तलावात मासेमारी करणारे चाचा ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून वल्हवत येत होते. साठी ओलांडलेले, किडकिडीत. त्यांनी सुरीने मला सोडवलं. आभार मानायचे राहिले बाजूला, मी त्यांच्यावरच चिडलो.

"इथे मधोमध जाळं कशाला लावलंत?"

"मंग कुठं लावू? घराच्या गच्चीवर?"

काठावर येऊन त्यांनी जाळं पसरलं. दोन माणसं आरपार जातील एवढं भगदाड पडलं होतं. मी म्हणालो, नवं आणून देतो.

"नवं नगं. हे मी हातानं विनलंय. तुमी फाडलं, शिवायला बी तुमीच बसा."

मी काठावर उभ्या असलेल्या अक्काकडे पाहिलं. ती म्हणाली, "बराबर हाय त्यांचं."

अख्खा श्रावण माझ्या सुट्ट्या काठावरच्या बाभळीखाली गेल्या. हातात लाकडी सुई, मांडीवर जाळं. कारखान्यात मी केसाहून बारीक फरक पकडतो, पण इथे जाळ्याची दोन घरं कधी सारखी येईनात. मी गाठ मारायची, चाचांनी ती बोटाने ताणायची, ती सुटायची.

"हितून कटला मासा हासत जाईल, साहेब. परत मारा."

समोर तलावावर पांढऱ्या फेसाच्या ओळी उठत होत्या. असा वारा मी दोन वर्षं मागत होतो.

"आज वारं लई झाक हाय, न्हाई का?" चाचा सहज म्हणाले. सुई पाण्यात भिरकावून द्यावी असं वाटलं. दिली नाही, कारण ती शोधायलाही मलाच उतरावं लागलं असतं.

श्रावण संपला तेव्हा जाळं झालं. चाचांनी ते उन्हात धरून बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली. माझ्या सुट्टीच्या दिवशी पश्चिमेची बाजू मोकळी ठेवायचंही त्यांनी कबूल केलं. पुढच्या सुट्टीला जाळी खरंच नव्हती. तलाव काठोकाठ भरला होता. वारा पडला होता.

तासभर मी मधोमध बसून राहिलो. शीड ओल्या पंच्यासारखं लोंबत होतं. शेवटी हातांनी पाणी मारत काठाला आलो. खांदे भरून आले होते.

"उडाली का?" अक्काने विचारलं.

"नाही! आणि विचारू नकोस. विकून टाकतो ही."

"कोन घेईल रे?" ती खरोखर विचारात पडून म्हणाली.

मी गुडघे टेकून पंख काढायला लागलो. तिने दुसऱ्या बाजूने होडी धरली.