जादूनाशकाचा सातवा नियम

मक्यात तणनाशक मारलेला पंप न धुता मी त्याच पंपानं कपाशीवर फवारणी केली. कपाशी वडिलांची होती. आठवड्याभरात तिची पानं आखडून भेंडीच्या पानांसारखी झाली आणि पुढचा पंधरवडा दुसरबीडपासून साखरखेर्ड्यापर्यंतचे लोक ती बघायला बांधावर येत होते. एकानं तर फोटो काढताना मलाच बाजूला सरकायला सांगितलं. वडील मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, विषय तिथंच संपला असता.

हा अनुभव पुढं जादूच्या कामी येईल असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. रविवारी दुपारी मात्र आमच्या बैठकीत सतरंजीवर बसून एक राज्य चालवतो. फासे, पेन्सिल आणि तोंड एवढ्यावर चालणारा हा खेळ आहे. मी गोष्ट सांगायची, राक्षस उभे करायचे. खेळणाऱ्यांनी आपापलं पात्र घेऊन त्यांच्याशी भिडायचं. जमलं की फसलं ते फासा सांगतो. मी तोंडानं बोललो ते त्या राज्यात घडलं, असा आमचा कायदा. तो मीच केलेला. खेळणारे दोघंच. कृषी केंद्र चालवणारा माझा मित्र चोर होतो आणि माझी बायको चेटकीण होते. वडील दिवाणावर पेपर तोंडासमोर धरून बसतात. आपलं लक्ष नाही हे दाखवायला तासाभरानं एकदा पान उलटतात.

बायकोनं ही चेटकीण मागच्या दिवाळीपासून वाढवली होती. सुरुवातीला बिचारीला दिवा पेटवता येत नव्हता; आता ती बोट दाखवून बुरूज पाडायची. पण आमच्यात पात्र मेलं की मेलं, वहीतलं त्याचं पान फाडायचं. मी आठवडाभर खपून राक्षस तयार करायचो आणि बायको चहा ठेवायला उठता उठता त्याला जाळून जायची. म्हणून मी जादू मारणारा पदार्थ बनवायला घेतला.

पहिला होता आकाशातून पडलेल्या दगडाचा धातू. मित्र म्हणाला, म्हणजे लोणारचाच ना बे, तिथं तर शाळेच्या सहली जातात, कोणाची जादू गेली? मग वीज पडलेल्या जुन्या बाभळीचं लाकूड काढलं. वीज पडल्यावर त्याचा कोळसा नाही का झाला, असं बायकोनं विचारलं. बाभूळ खोडली.

एके दिवशी गोठ्यातल्या खुंटीवर तो पंप दिसला आणि डोक्यात उजेड पडला. जादूनाशक. पांढरी भुकटी, पाण्यात कालवून फवारायची. ज्याला लागेल त्याची जादू आखडते. बाटलीसोबत घडी घालून जो कागद येतो, तसलाच मी रजिस्टरमध्ये लिहून काढला. पंपाला प्रमाण किती, वारा कुठला, साठवण कशी, सगळं. ‘उतारा नाही’ या ओळीखाली दोन रेघा मारल्या. सातवा नियम तर स्वतःच्या अनुभवाचा होता: ज्या भांड्यात हे कालवलं ते सोड्यानं तीनदा धुतलं नाही, तर त्यात भराल त्याचंही जादूनाशक होतं. मित्रानं वाचून मान हलवली. दुकानात ठेवायच्या लायकीचं आहे म्हणाला. एवढं कौतुक मला शाळेत कधी मिळालेलं नाही.

त्या रविवारी राक्षसांच्या राजानं किल्ल्याच्या उंबऱ्यावर जादूनाशक मारून ठेवलं. चेटकिणीनं उंबऱ्यावर पाय दिला आणि तिथंच रिकामी झाली. मंत्र म्हटला तर नुसता खोकला आला. राजानं तिला खांबाला बांधलं. मी इतका खुशीत आलो, की गोष्टीत जरा रंग भरावा म्हणून सांगून बसलो: पहारेकऱ्यानं फवारणीची घागर उचलली, विहिरीचं गार पाणी भरलं आणि राजाला दिलं. राजा घटाघट प्याला. चेटकिणीला भस्म करायला त्यानं हात वर केला.

मी फासा उचलला. बायकोनं वहीतलं चेटकिणीचं पान तळहाताखाली दाबून धरलं होतं.

मित्र म्हणाला, “थांब बे. घागर धुतली का त्यानं?”

हा माणूस रोज येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पंप धुवायला सांगतो, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी म्हटलं, धुतलीच असणार, त्यात काय सांगायचं.

“तुमी बोलले ते घडलं, कायदा तुमचाच हाये,” बायको म्हणाली. “धुतली असं तुमी बोलले नाही. राजाची जादू गेली.”

त्या राजावर मी तीन महिने घालवले होते. त्याला घराणं होतं, आजोळ होतं, लहानपणचा एक अपमान होता. तो असा पाणी पिऊन संपावा हे मला सोसेना. मी वाद घातला. राजवाडा आहे, आपला गोठा नाही, म्हटलं. तिथल्या माणसांना शिस्त असते. आणि मग नको तेच बोलून गेलो:

“अगं, कोणताही शहाणा माणूस न सांगता धुतो.”

दिवाणावरचा पेपर खाली आला.

“मामाजी, तुमीच सांगा,” बायको म्हणाली. “त्या पहारेकऱ्यानं घागर धुतली असंल का?”

वडिलांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. कपाशीबद्दल ते तीन हंगाम गप्प होते.

“पहारेकरी याच्याच डोक्यातून निंगाला ना?” ते म्हणाले. “मंग नसंल धुतली.”