वांग्यापाशी झोपलेला जावई

परदेशी जाण्याआधी मी आमच्या घरातलं सगळं सामान नातेवाइकांत वाटून टाकलं. विकलं नाही, वाटलं. सामान विकणारा माणूस पैसे जपून ठेवतो आणि उद्या परत येऊ शकतो, अशी लोकांना शंका येते. मला ती येऊ द्यायची नव्हती. बालाघाटच्या भाड्याच्या घरात शेवटच्या रविवारी सगळ्यांना खीर-पुरी जेवू घातली आणि हात धुतलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात काहीतरी मारलं. अलमारी मोठ्या भावाला, मिक्सर चुलतबहिणीला, लाकडी तखत आणि कूलर किरनापूरला सासुरवाडीला.

"आता तिकडं सगळं नवं घेऊ," मी जाहीर केलं. बायको दारात उभी होती, काही बोलली नाही. मला ती संमती वाटली.

तिकडं म्हणजे कॅनडा. आणि सगळं नवं म्हणजे एका घराच्या तळघरातली खोली. छताला लागून एक खिडकी होती, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. इथे मी खाजगी कॉलेजात कॉमर्स शिकवत होतो; तिथे रात्रभर गोदामात खोकी उचलायचो. बायको दिवसा एका बेकरीत पाव बांधायची. मी यायचो तेव्हा ती निघायची. "भाजी झाकून ठेवली" एवढाच काय तो आमचा संसार, तोही दारात.

पण आशेच्या बाबतीत मी कधी कंजुषी केली नाही. रोज सकाळी पलंगावर अंग टाकलं की बूट घालत असलेल्या बायकोला मी ऐकवायचो. पुढच्या वर्षी माझ्या शिक्षणाला साजेसं काम मिळेल, मग वरच्या मजल्यावर जाऊ, मग आपलं घर घेऊ, त्याच्या मागं थोडी जागा असेल, तिच्यात तू वांगी लाव. पुढचं वर्ष उजाडलं की तेच भाषण मी आणखी एक वर्ष पुढं सरकवायचो.

मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बायको महिनाभरासाठी म्हणून किरनापूरला आली आणि राहिलीच. तिथल्या एका शाळेत लहान पोरांना शिकवू लागली. परत कधी येतेस विचारलं की फोनवर म्हणायची, "पाहू." बायकोच्या "पाहू"चा अर्थ कुठल्याही नवऱ्याला कळतो. मला मात्र तो कळायला सुट्टी टाकून, दोघांची परतीची तिकिटं काढून, एप्रिल महिन्यात इथवर यावं लागलं.

बालाघाटहून किरनापूरच्या बसमध्ये मी भाषणाची उजळणी केली. सासुरवाडीला जावयाचा मान मोठा. सासूबाईंनी घरातल्या सगळ्यात चांगल्या तखतावर धुतलेली चादर घातली आणि कूलरचं तोंड तिकडं वळवलं. दोन्ही वस्तू माझ्याच.

"जीजाजी, कूलर में पानी भर दिया. आराम से बैठो," साळा म्हणाला.

"थँक यू," मी म्हणालो, आणि माझ्याच तखतावर अंग चोरून बसलो.

रात्रीची जेवणं झाली. बायको समोर चिंचोके काढत बसली, सासूबाई दाराशी टेकल्या. मी सुरू झालो. काम, वरचा मजला, घर. हळूहळू पाठ टेकवली. "आणि मागं जागा," मी म्हणालो, "तिच्यात तू वांगी..."

पुढचं मला आठवत नाही.

जागा झालो तेव्हा अंगणात दुसऱ्या दिवशीच्या दुपारचं ऊन होतं. झोपलेल्या जावयाला आमच्याकडे कुणी उठवत नाही. साळ्यानं टीव्ही लावला नव्हता, जेवणही म्हणे स्वयंपाकघरात उभ्यानंच उरकलं. बायको शाळेतून येऊन पुन्हा चिंचोक्यांपाशी बसली होती.

"वांग्यापाशी झोपले तुम्ही," ती म्हणाली.

"प्रवासाचा थकवा."

"प्रवासाचा काहून? तिकडं रोज सकाळी तेथंच झोपत होते. एक दिवस वांग्याच्या पुढं नाही गेले."

मी हसलो. ती हसली नाही.

"मी नाही येत. माझं तिकीट रद्द करा. तुमचं तुम्ही पाहा."

चिडून म्हणाली असती तर मी समजूत काढली असती, त्यात माझा हात बरा आहे. पण ती चिडली नव्हती, थकली होती. आणि थकलेल्या माणसाला समजावायचं तर समजावणारा तरी ताजा हवा. मला सोळा-सतरा तासांच्या झोपेनंतरही जांभई येत होती.

म्हणून मी सासूबाईंकडे वळलो. "आई, तुम्ही तरी सांगा तिला. आणखी दोन वर्षं, बस. माझं ऐकलं तर तिचं भलंच होईल."

सासूबाईंनी माझ्यासमोर पाण्याचा लोटा ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जवाईबापू, वाईट नोका मानू. पन तुमच्या सांगन्यावरून मी बकरी बी नाही बदलवनार. हे पोट्टी त देश बदलवाले गेलती."