शेवटचे दोन आकडे

आमच्या घरी अंडी उबवायचं एक जुनं यंत्र आहे. आईनं ते कुणाकडून तरी वापरलेलं घेतलं होतं. आहुपे रस्त्यावरच्या आमच्या वाडीत बायका आपापल्या कोंबड्यांची अंडी तिच्याकडे आणून देतात. कुणाची कोणती हे कळावं म्हणून आई कोळशानं खुणा करते, कुणाची फुली, कुणाचं टिंब. पिल्लं निघाली की ज्याची त्याला.

मी जुन्नरला हॉस्टेलवर राहून इलेक्ट्रॉनिक्स शिकते. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे यंत्रातलं उष्णता सांभाळणारं कार्ड बंद पडलं तेव्हा फोन मलाच आला. अंडी आत ठेवून नऊ दिवस झाले होते. आई थर्मामीटर बघून आतला ऊब देणारा बल्ब हातानंच चालू-बंद करत होती.

"आण्णा, कार्डावरच्या मोठ्या काळ्या आयसीचा नंबर सांगा," मी म्हटलं. फोटोत नुसता काळा चौकोन येत होता. अक्षरं इतकी पुसट की उन्हात तिरकं धरलं तरच दिसायची. आण्णांची, माझ्या वडिलांची, शाळा चौथीत सुटली, पण त्यांनी एकेक अक्षर जपून वाचलं आणि शेवटी म्हणाले, "एकोणऐंशी."

मी ८९ लिहिलं.

माझी प्रॅक्टिकल चालू होती, त्यामुळे लगेच घरी जाता येत नव्हतं. मिळेल त्या वेळात शोधत राहिले. त्या आयसीचा माहितीचा कागद, डेटाशीट, मिळाला की कोणत्या पायावर, म्हणजे पिनेवर, किती व्होल्ट हवेत ते कळलं असतं. एका साइटवर नाव-पत्ता भरून घेतला आणि पान रिकामंच उघडलं. दुसरीवर 'डाउनलोड' दाबलं की जाहिरात. कुठे नुसताच शेरा, उत्पादन बंद. सर म्हणाले, "इतकं जुनं कशाला उकरतेस? कार्ड बदल." बाजारपेठेतल्या दुकानदारानं कागदावरचा नंबर दोनदा वाचला. "ताई, पंचवीस वर्षं दुकान करतोय. असला नंबर पाहिला नाय."

मला तरीही शंका आली नाही. वस्तू जुनी असली की न सापडण्याचं कारण आयतंच मिळतं. रोज फोनवर आई विचारायची, "गावलं का?" आणि मी म्हणायची, "आज गावेल." एकदा तिच्याशी चिडूनही बोलले.

चौथ्या दिवशी प्रॅक्टिकल संपल्यावर एसटी धरली. घरी पोचून कार्ड उन्हात धरलं. शेवटी ७९ होतं.

"आण्णा, इथं एकोणऐंशी नाय, सेव्हंटी नाईन आहे."

त्यांनी कार्ड पुन्हा तिरकं धरून पाहिलं. "ऐंशीला एक कमी म्हंजे किती व्हतं मग?"

सहावीपासून माझं गणित इंग्रजीतून झालं. मराठी आकडे येतात असं मला वाटत होतं.

नेटची रेंज येते त्या खडकावर जाऊन बरोबर नंबर टाकला. थोड्याच वेळात सापडलं. कुणीतरी जुन्या पुस्तकाच्या पानांचे वाकडे फोटो काढून ठेवले होते. एक पान निम्मं काळं होतं, पण पायांचा नकाशा वाचता येत होता. त्याप्रमाणे मोजत गेले. आयसी चांगली होती, तिच्याशेजारचा कपॅसिटर सुकला होता. घरातल्या बंद रेडिओतला काढून बसवला. बल्ब आपोआप विझला, थोड्या वेळानं आपोआप लागला.

आईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती एकेक अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरत होती. आत लाल शिरांची जाळी दिसायला हवी. बहुतेक अंड्यांत शिरा नव्हत्या, नुसता गडद गोळा होता. परवा दुपारी डोळा लागला तेवढ्यात आत फार तापलं, असं ती म्हणाली. गेलेली अंडी तिनं खुणांप्रमाणे वेगळी केली आणि सांगायला निघाली. मीही गेले.

पहिल्याच दारात मी म्हटलं, "काकू, चूक माझी झाली. नंबर मी चुकीचा लिहिला."

काकूंना त्यातलं काही कळलं नसावं. त्या आईकडे बघूनच बोलल्या. "तुज्या शब्दावर दिलती. आता अंड्यांवर खुडूक कोंबडीच बसवते, बाई. ती नाय बिघडत."

आई "बरं" म्हणाली आणि पुढच्या घराकडे वळली.