मधुकरच्या आईचं चित्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आता मधुकर नाही, माझंही वय झालं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मधुकर ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. आम्ही दोघं एकाच शाळेत चित्रकला शिकवायचो. मी लिनोच्या मऊ, रबरासारख्या तुकड्यावर कोरून छापचित्रं करायचो, तो जस्ताच्या पत्र्यावर. नव्वदच्या दशकात त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं. वागळे इस्टेटमधल्या डीटीपीवाल्याकडे त्याने आईचा फोटो स्कॅन केला, फिल्म काढून पत्र्यावर उतरवली, पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवला आणि मग कितीतरी दिवस वरून सुईने काम करत राहिला. तिच्या कपाळावरच्या रेघा — त्यातल्या मशीनच्या कुठल्या, त्याच्या कुठल्या? मला ओळखता आलं नाही. आणि कॉम्प्युटर वापरल्याचं तो सगळ्यांना सांगत सुटायचा. "लपवायचं काय रे त्यात?"

डोंबिवलीच्या प्रदर्शनाच्या निवड समितीत मी होतो. म्हणालो, "हे छापखान्याचं काम आहे. ह्याला चित्र म्हणायचं?" बाकीच्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. माझ्या शब्दावर चित्र बाहेर गेलं.

माझं मत होतं का ते? — नाही. भीती होती. समितीतल्यांची चित्रंही तिथे लागत, आणि माझं खाडीपुलाचं चित्रही स्कॅन केलेल्या फोटोवरूनच होतं. प्रिंटआउट लिनोवर पालथी ठेवून थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने घासली की शाई खाली उतरते. मग त्या रेघांवरून नुसतं कोरत जायचं. हे मला शिकवलं कुणी? मधुकरनेच. त्याचं चित्र लागलं असतं, तर लोकांनी माझ्याही रेघा निरखल्या असत्या.

चित्र नाकारल्याचं आईला सांगायचा त्याला धीर झाला नाही. उद्घाटनाला ती नवं लुगडं नेसून, शेजारणीला घेऊन हजर.

"माझा फोटू कुठं लावलाय, मास्तर?"

"जागा कमी पडली, आई."

ती माझ्या चित्रापुढे थांबली. "आपला पूल की! हातानं काढलास?"

"हो. सगळं हातानं."

मधुकर धावत आला होता — दारातच उभा होता. त्याने ऐकलं. तो एक शब्द बोलला असता तर? फक्त म्हणाला, "चल गं आये."

पुढे त्याने पत्र्याला हात लावला नाही. मी मात्र कितीतरी वर्षं थिनर घासत राहिलो — आणि प्रत्येक चित्राखाली लिहीत राहिलो, 'हाताने रेखाटून कोरलेलं'.