गॅसवाल्या बाउदिलिओचे रविवार

माझं दुकान टेकडीवर चढणाऱ्या आमच्या दगडी जिन्याच्या बरोब्बर मध्यावर आहे. खालच्या रस्त्यावरून चढून येणाऱ्याला इथंच दम लागतो, मग तो माझ्या पायरीवर टेकतो आणि बोलायला लागतो. त्यामुळे टेकडीवरचं सगळं माझ्या कानावर पडतं. मी काही कान टवकारून बसत नाही. लोकच मोठ्यानं बोलतात, त्याला मी काय करू?

बाउदिलिओ ओयार्सुन माझ्याकडं टेकायचा तो मात्र दम लागला म्हणून नाही. त्याला माझ्या हातचा चहा आवडतो. चिलीच्या दक्षिणेतल्या चिलोए बेटावरून तो कोवळ्या वयात इथं वालपराइसोला आला, आणि तेव्हापासून त्याच्या खांद्यावर गॅसचा सिलिंडर आहे. खाली गाडी उभी करायची, खांद्यावर पोत्याची घडी टाकायची, तिच्यावर सिलिंडर, आणि हातातल्या लोखंडी पान्यानं त्यावर ठण् ठण् ठण् वाजवत वर यायचं. तो आवाज आला की बायका आपापल्या शेगड्या तपासायच्या. सिलिंडर नुसता दारात टेकवून जाणं त्याला ठाऊकच नव्हतं. आत येऊन स्वतः जोडणार, साबणाचा फेस लावून गळती बघणार, आणि जाता जाता पातेल्यावरचं झाकण उचलून "मीठ कमी आहे" म्हणणार. वर टोकाला राहणाऱ्या ओतिलियाबाईंचा गीझरही तोच पेटवून द्यायचा, कारण बाईंना काडी ओढायची भीती वाटते. लग्न केलं नाही त्यानं. विचारलं तर म्हणायचा, "नोल्फाबाई, एवढे जिने चढून वर बायकोला काय उत्तरं देऊ?"

अशा माणसाच्या वाईटावर आमचा कुत्रा टपलेला होता.

कुत्रा कुणा एकाचा नव्हता, आख्ख्या जिन्याचा होता. सकाळचं खाणं माझ्याकडं, दुपारचं शिंपिणीकडं, रात्री जिथं दार उघडं दिसेल तिथं. थंडीत शिंपीण त्याला जुन्या स्वेटरचा अंगरखा शिवून द्यायची. दर घरात त्याचं नाव वेगळं. पोस्टमन, मासेवाला, पोलीस, सगळे त्याला चालायचे. पण पान्याचा ठणठणाट ऐकला की त्याच्या अंगात यायचं. दात विचकून तो बाउदिलिओच्या पायात घुसायचा, आणि बाउदिलिओ वरून ओरडायचा, "हो बाजूला, मुडद्या!" इतकी वर्षं हा तमाशा चालला. आम्ही हसायचो. हसू नये ते हसलो, दुसरं काय.

मग गेल्या हिवाळ्यात एक दिवस बाउदिलिओ रिकामा सिलिंडर घेऊन उतरत होता. पायऱ्या दवानं ओल्या झालेल्या. कुत्र्यानं मागून येऊन त्याची पोटरीच धरली. बाउदिलिओ बसला, आणि सिलिंडर सुटला. पायऱ्यांवरून दणादण उड्या मारत तो जो निघाला, तो थेट मासेवाल्याच्या भिंतीवर जाऊन आदळला. मध्ये कुणी नव्हतं म्हणून बरं. बाउदिलिओची विजार रक्तानं भिजली होती. मी त्याला दुकानात बसवलं, जखम धुतली, टाके घालायला दवाखान्यात नेलं. 

जखम भरली, पण त्यानंतर तो वर यायचा बंद झाला. खालीच उभा राहून ठणठण वाजवायचा. आम्ही आपापले सिलिंडर धापा टाकत वर ओढून न्यायचो. ओतिलियाबाईंनी तर गीझरच बंद करून टाकला. ऐंशी वर्षांची बाई, भर थंडीत पातेल्यात पाणी तापवून अंग पुसायची.

शेवटी माझ्या दुकानापुढं सगळ्यांची बैठक झाली. खालच्या घरात बँकेतला एक नवा भाडेकरू आलाय, तो म्हणाला, "एवढं काय त्यात? तक्रार करा. नगरपालिकेची गाडी येईल आणि कुत्र्याला घेऊन जाईल."

"गाडी आलीच तर आधी तुला बसवीन तिच्यात," मी म्हणाले.

मग शिंपिणीनं यास्नाचं नाव काढलं. ही यास्ना मारांबिओ पूर्वी पोलिसांच्या श्वानपथकात होती. आता शहराबाहेर लिमाचे गावी शेतावर तिनं कुत्र्यांची निवासी शाळा काढली आहे. कुत्रा तिथंच राहतो, तिथंच खातो, शिकतो, आणि शहाणा होऊन घरी येतो. फीचं काय? फीचं आमच्याकडं ठरलेलं उत्तर आहे. कुणाचं छप्पर उडो की कुणाचं ऑपरेशन असो, जिन्यावर टेबलं मांडायची आणि पावात सॉसेज घालून, वर टोमॅटो, ॲव्होकाडो आणि मेयोनेज थापून विकायचं. शनिवारी आम्ही तेच केलं. आख्खी टेकडी खायला लोटली. ऐनवेळी शेगडीचा गॅस संपला, तेव्हा बाउदिलिओनं खालून भरलेला सिलिंडर पाठवला, आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. ज्याला चावा बसला त्यानंच चावणाऱ्याच्या शाळेला गॅस पुरवला. आता या माणसाला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

यास्ना व्हॅन घेऊन आली. उंच, तुटक बोलणारी बाई. आल्या आल्या विचारलं, "नाव काय याचं?"

झालं! मी म्हणाले कर्नल, शिंपीण म्हणाली बोंडा, पोरं म्हणाली तिसरंच काहीतरी. भांडण जुंपलं. यास्नानं हात वर केला आणि म्हणाली, "एकेकानं हाक मारा बघू." आम्ही मारल्या. कुत्रा खुशाल पाय चाटत बसलेला. तेवढ्यात खालून बाउदिलिओ ओरडला, "घेऊन जा एकदाचा त्या मुडद्याला!" आणि कुत्र्यानं झटकन मान वळवली.

"ठरलं. मुडद्या," यास्ना म्हणाली. "आणि हा चावतो कुणाला?"

सगळ्यांनी खाली बोट दाखवलं.

"मग दर रविवारी त्यांनी यायचं. सिलिंडर आणि पाना घेऊन."

"मी?" बाउदिलिओ खालूनच म्हणाला. "या वयात मला शाळेत घालता?"

"त्यालाही हौस नाहीये," यास्ना म्हणाली आणि तिनं व्हॅनचं दार लावलं.

कुत्रा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा पाव मी सवयीनं पायरीवर ठेवला, आणि मग माझी मलाच लाज वाटली. करमेना. कुणाला कबूल केलं नाही, पण करमेना.

रविवारी भाच्याची जुनी पिकअप मागून घेतली, मागं सिलिंडर टाकला आणि बाउदिलिओला शेजारी बसवून निघाले. त्यानं चर्चला जायचा कोट घातला होता.  शेतावर पोचलो तर आमचे साहेब गाडीतून उतरेनात. काच वर करून बसले. यास्ना आली, तिनं बघितलं, आणि त्याला ओढलं-बिढलं नाही. चहाचा पेला आणून काचेवर टकटक केली.

"इथूनच वाजवा," ती म्हणाली. सिलिंडर तिनं गाडीला टेकवून ठेवला.

त्यानं काच खाली घेतली आणि हात बाहेर काढून पान्यानं वाजवलं. ठण्. पार लांब, कुंपणापाशी यास्नाच्या मदतनिसानं कुत्र्याचा पट्टा धरला होता. कुत्रा ताडकन उठला, भुंकला. दर ठणक्याला मदतनीस त्याच्या तोंडात सॉसेजचा तुकडा टाकत होता. ठण्, तुकडा. ठण्, तुकडा. दुपारपर्यंत अशी वेळ आली की पाना वाजला की कुत्रा भुंकायच्या ऐवजी मदतनिसाच्या हाताकडं बघायचा. मी हाक मारली तर माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही मेल्यानं. मला इतका राग आला की परत येताना गिअर बदलायचं विसरले.

त्याच परतीच्या वाटेवर बाउदिलिओ बोलला. समोर रस्त्याकडं बघत, माझ्याकडं नाही.

"नोल्फाबाई, पाय केव्हाच बरा झाला. मीच बरा झालो नाही. कुठल्याही बोळात कुत्रा भुंकला की माझे हात गार पडतात. वरच्या बोळात मी कित्येक महिन्यांत गेलेलो नाही. ऑफिसात सांगतो, गुडघा दुखतो. या टेकडीवर कुत्रा नाही असा बोळ आहे का एक तरी? हे असंच राहिलं तर मला काम सोडावं लागेल. आणि काम सोडून मी करू काय? मला दुसरं काही येत नाही."

 इतकी वर्षं मी या माणसाला चहा पाजते आणि मला पत्ता नाही! मी म्हणाले, "सोडायचं-बिडायचं मुळीच बोलू नका. पुढच्या रविवारी पोचल्यापासूनच काच खाली असेल, एवढं बघा." याहून शहाणं काही मला सुचलं नाही.

पुढच्या रविवारी काच खाली होती. त्याच्या पुढच्या रविवारी तो उतरला, पण गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. मग दार सोडलं. मग चार पावलं पुढं. हातातला पाना इतका थरथरायचा की एका ठणक्याचे दोन व्हायचे. यास्ना त्याला रागावली नाही, शाबासकीही दिली नाही. फक्त म्हणायची, "आज एवढं पुरे." मी मात्र कुंपणावर बसून दोघांनाही ओरडायचे. तिनं मला बोट दाखवून गप्प केलं.

एकदा तो हात धुवायला गेला असताना मी तिला विचारलं, "कुत्रा अजून किती दिवस लागणार शिकायला?"

"कुत्रा?" ती म्हणाली. "तो दुसऱ्याच रविवारी शिकला."

"मग कुणाची फी घेतेस गं?"

"तुम्ही ठरवा," ती म्हणाली आणि हसली. तिला हसताना मी तेवढंच बघितलं.

शेवटच्या रविवारी बाउदिलिओ कुत्र्याच्या अगदी पुढ्यात गेला. वाजवलं. कुत्रा बसला. त्यानं तुकडा पुढं केला, डोळे मिटून. कुत्र्यानं अलगद उचलला. यास्ना म्हणाली, "लक्षात ठेवा. वाजवलं, तो बसला, की खाऊ द्यायचाच. सुरुवातीला तर एकदाही चुकायचं नाही. इथं कुंपण आहे, मी आहे. तिथं जिना आहे, आणि तुम्ही दोघंच."

कुत्रा घरी आला. दोन दिवस सगळ्यांकडून लाड करून घेतले. बुधवार हा गॅसचा दिवस. सकाळपासून लोक कामंधामं सोडून खिडक्यांत. बँकवालासुद्धा कामावर गेला नव्हता, म्हणे पोट बिघडलंय. मी दुकानाच्या दारात उभी. हा माणूस आज परत फिरला तर पुन्हा कधी येणार नाही, हे मला कळत होतं.

खाली गाडी थांबली. बराच वेळ काहीच नाही. मग ठण् ठण् ठण्.

कुत्रा वरच्या पायऱ्यांवर पडला होता, तो तीरासारखा सुटला. माझ्यासमोरून खाली गेला. बाउदिलिओ तेवढ्यात जिन्याच्या वळणापर्यंत चढून आला होता, खांद्यावर भरलेला सिलिंडर. कुत्र्याला अंगावर येताना बघून तो थबकला. चेहरा पांढराफटक. एक पाय मागच्या पायरीवर गेला. मला ओरडावंसं वाटलं, पण यास्नाचं बोट आठवलं आणि मी तोंडावर हात ठेवला.

त्यानं मागचा पाय पुन्हा वर घेतला आणि पाना एकदा वाजवला. कुत्रा त्याच्यापुढं कचकन थांबला आणि बसला. तोंड वर करून वाट बघत.

बाउदिलिओनं खिशात हात घातला. या खिशात, मग त्या खिशात. सॉसेजची पिशवी खाली गाडीत राहिली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, ते डोळे माझ्यानं बघवेनात. कुत्रा जागचा किंचित उठला. मी दुकानातून काही आणायला वळले, पण तेवढा वेळ कुठला होता!

मग बाउदिलिओनं खांद्यावरचा सिलिंडर हळूच उतरवून पायरीवर उभा केला. गळ्यातली जेवणाची पिशवी उघडली, स्वतःचा चीज घातलेला पाव काढला, आणि तोडून नाही, आख्खाच पुढं धरला. डोळे उघडे ठेवून. कुत्र्यानं घेतला, तिथंच त्याच्या बुटांवर बसून खाल्ला, आणि खाऊन झाल्यावर हात चाटला.

बाउदिलिओ पायरीवर बसला. त्यानं कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला. मग हळूच त्याच्या कानामागं खाजवलं. खिडक्यांतून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्या लोकांना कधी नव्हे ती अक्कल आली होती. मी चहाचा पेला घेऊन खाली उतरले. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत.

"तुमचं जेवण गेलं की हो," मी म्हणाले. "आज माझ्याकडं जेवा."

"जेवतो," तो म्हणाला. चहा घेतला, निम्मा संपवला. मग म्हणाला, "नोल्फाबाई, ओतिलियाबाईंचा गीझर पेटवून येतो आधी. आणि दुपारी वरच्या बोळात जाऊन यावं म्हणतो."

"वरच्या बोळात तीन कुत्रे आहेत, बाउदिलिओ."

"माहीत आहे," तो म्हणाला. पेला माझ्या हातात दिला, पोत्याची घडी नीट केली आणि सिलिंडर खांद्यावर घेतला.